वसाहत ठरली, पेठ कोणती?

मोठ्या नियोजित वसाहतीत घर घेणारे बहुतेक लोक आपला सगळा विचार वसाहत ठरवण्यातच खर्च करतात. गहुंजे की सोमाटणे, तळेगाव की कामशेत, बिल्डर कोण, दर काय, यावर घरात महिनोन्‌महिने खल चालतो. वसाहत एकदा पक्की झाली की आतली जागा मात्र साइट ऑफिसात अर्ध्या तासात ठरते. काचेखाली मॉडेल मांडलेलं असतं. हिरवा स्पंज म्हणजे बाग, निळी पट्टी म्हणजे नदी. विक्री करणारा तरुण लेझरचा लाल ठिपका फिरवत सांगतो, "सर, या विंगमध्ये दोनच उरलेत." पुढची वीस-तीस वर्षं कोणत्या रस्त्याच्या आवाजात झोपायचं, दूध आणायला किती चालायचं आणि पावसाळ्यात कोणती भिंत ओली राहणार, हे सगळं त्या ठिपक्यावर ठरून जातं.

वसाहत शंभर एकरांची, म्हणजे चाळीस हेक्टरांची असेल आणि ती चौरस धरली, तर तिची एक बाजू सहाशे मीटरांहून लांब भरते. वळणावळणाच्या रस्त्याने एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला किलोमीटरभर चालावं लागतं. पुणे जिल्ह्यातल्या मावळासारख्या चढउताराच्या मुलखात एवढ्या अंतरात जमीन बदलते, वारा बदलतो, पाण्याचा दाब बदलतो आणि शेजारीही बदलतात. म्हणून वसाहत निवडली की निम्मंच काम झालं असं समजावं. उरलेल्या निम्म्या कामासाठी एक क्रम पाळला तर फार चुका टळतात. जे कधीच बदलणार नाही ते आधी पाहायचं. जे बदलायला वर्षं लागतील ते मग. पैसे टाकून बदलता येईल ते सगळ्यात शेवटी. साइट ऑफिसात हा क्रम नेमका उलटा असतो. तिथे सुरुवात टाइल्स आणि मॉड्युलर किचनपासून होते, आणि उताराचा विषय निघतच नाही.

आखीव वस्तीची कल्पना

सगळ्या सोयी आतच असलेली, आधी कागदावर आखलेली वस्ती ही कल्पना इंग्लंडच्या एबेनेझर हॉवर्डने १८९८ साली 'गार्डन सिटी' या नावाने मांडली. १९०३ मध्ये लेचवर्थ हे तसं पहिलं गाव उभं राहू लागलं. अशा वस्तीचा आतला तुकडा कसा असावा, याचं गणित मात्र अमेरिकेच्या क्लॅरेन्स पेरीने १९२९ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रादेशिक आराखड्यात घातलं. मध्यभागी प्राथमिक शाळा, घरापासून तिचं अंतर पाव मैल म्हणजे सुमारे चारशे मीटर, दुकानं कडेला चौकांवर, आणि मोठे रस्ते वस्तीच्या पोटातून न जाता तिच्या सीमेवरून. शंभर वर्षं होत आली तरी हे गणित कामाचं आहे. कोणत्याही टाऊनशिपचा नकाशा हाती आला की आपण घेणार असलेल्या इमारतीभोवती चारशे मीटर त्रिज्येचं वर्तुळ काढावं. त्या वर्तुळात रोज लागणाऱ्या किती गोष्टी पडतात, हे मोजलं की ब्रोशरची बरीच पानं वाचायची गरज उरत नाही.

मावळच्या उंबरठ्यावरच या विचाराचा सरकारी प्रयोग झाला आहे. पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण १९७२ मध्ये स्थापन झालं आणि निगडी-आकुर्डीची जमीन क्रमांकाच्या पेठांमध्ये आखली गेली. २०२१ मध्ये ती संस्था विसर्जित होऊन तिचा कारभार पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (पीएमआरडीए) आणि पिंपरी-चिंचवड महापालिका यांच्यात वाटला गेला. लोक मात्र पत्ता सांगताना आजही आधी 'प्राधिकरण' म्हणतात आणि लगेच पेठेचा नंबर सांगतात. एकाच संस्थेने, एकाच नियमांनी आखलेल्या या भागातही सगळ्या पेठांना सारखी मागणी नाही. कुठे बाग आणि शाळा हाकेच्या अंतरावर आहे, कुठे अतिक्रमणाचा वाद पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे.

खासगी टाऊनशिपचा काळ त्यानंतरचा. हडपसरला सुमारे एकशेवीस शेतकरी कुटुंबांनी आपली चारशे एकरांच्या आसपासची जमीन एकत्र करून मगरपट्टा सिटी उभारली, तिचं काम २००० च्या सुमारास सुरू झालं. त्या दशकाच्या मध्यावर राज्याने विशेष नगर वसाहतींची नियमावली आणली, २०१६ मध्ये एकात्मिक नगर वसाहत धोरण आलं, आणि २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत त्याची तरतूद झाली. या धोरणाखालच्या वसाहतीला किमान चाळीस हेक्टर सलग जमीन लागते. रस्ते, पाणी, सांडपाणी, बागा, शाळेची जागा आणि अल्प उत्पन्न गटासाठीची घरं ही तिच्यावरची बंधनं आहेत.

मावळात फिरताना हे लक्षात ठेवावं, कारण जुन्या पुणे-मुंबई हमरस्त्यावरच्या निम्म्या फलकांवर 'टाऊनशिप' लिहिलेलं असतं. चार इमारती आणि एक पोहण्याचा तलावही टाऊनशिप, डोंगरउतारावर पाडलेले प्लॉटही टाऊनशिप. धोरणाखाली मंजूर झालेली वसाहत आणि नुसतं तसं नाव घेतलेली वसाहत यांतला फरक मंजुरीच्या आदेशात कळतो, कमानीवर नाही. लोणावळ्यात आणखी एक वेगळेपण आहे. राज्यभर लागू झालेल्या २०२० च्या नियमावलीतून लोणावळा नगरपरिषदेचं क्षेत्र वगळलेलं आहे. तळेगावात जे बांधकाम बसतं ते लोणावळ्यात बसेलच असं नाही, आणि तळेगावच्या अनुभवावर लोणावळ्यात हिशोब मांडू नये.

न बदलणारं: पाऊस, उतार, खाचर

लोणावळा आणि तळेगाव यांच्यात रेल्वेने तीस किलोमीटर, त्यापुढे पुणे. पण घाटमाथ्यावरच्या लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि पुण्यात सातशेच्या आसपास. मधली सगळी गावं या उतरत्या पावसाच्या पट्ट्यात बसलेली आहेत. मळवली-कामशेतला जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत, वडगावला थोडं ऊन दिसतं, सोमाटण्याला पुण्याची हवा जाणवू लागते. घाटाच्या जितकं जवळ जाल तितकं आतल्या जागेचं महत्त्व वाढतं, कारण चुकीच्या जागेची शिक्षा तिथे जास्त मोठी आहे.

पहिला प्रश्न इमारतीच्या तोंडाचा. मावळातला पाऊस नैर्ऋत्य आणि पश्चिमेच्या वाऱ्यावर तिरका येतो. ज्या इमारतीचं पश्चिम अंग समोर काहीही आड न येता मोकळं आहे, तिच्या त्या भिंतीला चार महिने झड लागते. पावसाळा संपला की आत पोपडे धरतात, कपाटामागे बुरशी येते. 'व्हॅली व्ह्यू' म्हणून ज्या घरासाठी जास्तीचे पैसे मागितले जातात ते पुष्कळदा नेमकं हेच असतं. दृश्य हवंच असेल तर खुशाल घ्यावं, पण गॅलरी किती खोल आहे, खिडकीवर छज्जा आहे की नुसती सपाट काच, हे पाहून. दुसऱ्या इमारतीच्या आडोशाला असलेल्या घराला दृश्य कमी मिळतं, पण ते कोरडं राहतं.

दुसरा प्रश्न उंचीचा. सपाटीकरण झालं की सगळी जमीन सारखी दिसते, पण पाणी जुनी वाट विसरत नाही. इथे सातबारा फार मदत करतो. मावळ हा भाताचा मुलूख. इंद्रायणी हे तांदळाचं वाण वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून १९८७ मध्ये बाहेर पडलं. भात जिथे होतो ती खाचरं, म्हणजे पाणी धरून ठेवणारी सखल जमीन. उतारावरची हलकी जमीन कागदावर वरकस म्हणून नोंदलेली असते. आपली इमारत ज्या गटात येते त्याचे जुने सातबारे काढून पीकपाहणीच्या रकान्यात काय लिहिलंय ते वाचावं. वर्षानुवर्षं भात लिहिलेला असेल तर तळघरातलं पार्किंग, लिफ्टचा खड्डा आणि तळमजला यांची चौकशी दुप्पट कसोशीने करावी. सल्लागाराचा अहवाल जे पाच पानांत सांगेल, ते तलाठ्याच्या एका शब्दात मिळतं.

वरकसाकडे वळलात तर उताराचा नियम आडवा येतो. पाचास एक किंवा त्याहून तीव्र उतारावर डोंगर कापणं, भराव घालणं, बांधकाम करणं यावर राज्याच्या नियमावलीत बंदी आहे. ही बंदी कशासाठी, हे पुणे जिल्ह्याला ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातल्या माळीणने दाखवलं. डोंगर खचला आणि दीडशेहून अधिक माणसं गेली. टाऊनशिपमध्ये डोंगराच्या पायथ्याशी असलेला तुकडा पाहताना मागची भिंत नुसती दगडी पिचिंगची आहे की काँक्रीटची, तिच्यातून पाणी बाहेर पडायला भोकं आहेत का, वरून येणारं पाणी कोणत्या गटारात जातं, हे उभं राहून पाहावं. ते पाहायला ऑगस्टमध्ये जावं. ऑक्टोबरनंतर मावळ सगळीकडेच सुंदर दिसतो.

नदीकाठचा तुकडा हा सर्वांत महाग आणि सर्वांत फसवा. जलसंपदा विभाग नद्यांना निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखतो. निळी सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकाम नसतं, दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यात ते अटींवर होतं. पवना आणि इंद्रायणी दोन्ही नद्या मावळातूनच खाली जातात. जुलै २०२४ च्या पुरात मळवलीच्या परिसरात बंगल्यांना पाण्याने वेढलं आणि आतल्या पर्यटकांना बाहेर काढावं लागलं. नदीकाठ घ्यायचाच असेल तर आपली इमारत लाल रेषेच्या कोणत्या बाजूला आहे, एवढं नकाशावर बोट ठेवून विचारावं. तोंडी उत्तर धरू नये.

पाणी: उशाशी धरण, नळाला टँकर

एवढा पाऊस पडतो त्या तालुक्यात पाण्याचा प्रश्न कसला, असं नवख्याला वाटतं. पण मावळचं पाणी बरंचसं आधीच वाटलेलं आहे. लोणावळा परिसरातल्या टाटांच्या जलाशयांचं पाणी १९१५ पासून घाटाखाली खोपोलीला वीजनिर्मितीसाठी उतरतं. पवना धरणाचं पाणी पिंपरी-चिंचवडला जातं. ते बंद जलवाहिनीतून थेट नेण्याच्या योजनेला मावळातल्या शेतकऱ्यांनी विरोध केला. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर आंदोलन झालं, पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा जीव गेला. मावळात पाणी हा सोयीचा नाही, हक्काचा विषय आहे. बाहेरून येऊन राहणाऱ्याने हा इतिहास माहीत करून घ्यावा.

विशेष नगर वसाहतीच्या नियमांत माणशी दररोज किमान १४० लिटर पाण्याची हमी विकासकाने द्यायची असते, आणि त्या हिशोबात भूजल धरायचं नसतं. बागकाम आणि अग्निशमनाचं पाणी त्याशिवाय वेगळं. म्हणून प्रश्न असा विचारावा: मंजूर स्रोत कोणता, किती लिटरचा, आणि तो कोणत्या टप्प्यापर्यंत पुरेल? पहिल्या पाचशे घरांना पुरणारं पाणी दोन हजार घरांत वाटलं गेलं की मार्चपासून टँकर सुरू होतात. टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये येतो, आणि दोन टप्प्यांच्या सोसायट्यांत पहिलं भांडण त्यावरूनच जुंपतं.

आतली जागा निवडताना पाण्याच्या टाकीचं आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्राचं ठिकाण पाहावं. मुख्य टाकीपासून सर्वांत लांब आणि सर्वांत उंच असलेल्या इमारतीला दाब कमी पडण्याची शक्यता जास्त. प्रक्रिया केंद्र बहुधा सखल कोपऱ्यात असतं. मावळात वर्षाचा बराच काळ वारा पश्चिमेकडून वाहतो, त्यामुळे वास येणार असेल तर तो केंद्राच्या पूर्वेकडच्या घरांना येतो. नकाशावर उत्तरेचा बाण आणि ते केंद्र सापडलं की हा हिशोब दोन मिनिटांत होतो.

रस्ता, रूळ आणि घड्याळ

तळेगाव दाभाडे हे एकाच वस्तीत दोन वेगळी टोकं असण्याचं जुनं उदाहरण आहे, आणि ते कोणत्याही बिल्डरने आखलेलं नाही. एका गावाचे दोन भाग: गाव विभाग आणि स्टेशन विभाग. एकीकडे दाभाडे सरसेनापतींचं जुनं गाव, तळी, मंदिरं, बाजार. दुसरीकडे रेल्वे आली म्हणून वाढलेली वस्ती, तिथे १९०८ मध्ये पैसा फंड या लोकवर्गणीच्या निधीतून काच कारखाना निघाला. आजही तळेगावकराला घर कुठे म्हणून विचारलं की तो आधी विभाग सांगतो. पुण्याला रोज नोकरीला जाणारा स्टेशन विभागाकडे ओढला जातो, ज्याचा व्यवहार बाजाराशी आणि जुन्या हमरस्त्याशी आहे तो गावाकडे. नव्या टाऊनशिपमध्येही हीच दोन टोकं तयार होतात, फक्त त्यांना कोणी नाव दिलेलं नसतं.

पुणे-लोणावळा लोकल १९७८ पासून धावते आहे आणि मावळचा संसार तिच्यावर चालतो. घोरावाडी, तळेगाव, वडगाव, कान्हे, कामशेत, मळवली, लोणावळा ही तालुक्यातली स्थानकं. पण लोकल मुंबईसारखी चार-चार मिनिटांनी नाही. सकाळ-संध्याकाळी ती ठीक असते, दुपारी गाड्या विरळ होतात. जाहिरातीतलं 'स्टेशनपासून दहा मिनिटं' हे टाऊनशिपच्या कमानीपासून मोजलेलं असतं. आपल्या इमारतीपासून कमानीपर्यंतची बारा मिनिटं त्यात धरावीत आणि वेळापत्रक समोर ठेवून मुलांच्या कॉलेजची, आई-वडिलांच्या दवाखान्याची वेळ जुळवून पाहावी.

द्रुतगती मार्गाच्या बाबतीत गल्लत फार होते. २००२ मध्ये पूर्ण खुला झालेला हा रस्ता मावळाच्या पोटातून जातो, पण त्यावर कुठूनही चढता येत नाही. दुचाकी आणि रिक्षांना त्यावर बंदी आहे. म्हणजे घर मार्गालगत असूनही मुलाला स्कूटरवर जुन्याच हमरस्त्याने फिरून जावं लागतं. अशा घराला मार्गाचा फायदा मिळत नाही, रात्रभर चालणाऱ्या अवजड वाहनांचा आवाज मात्र मिळतो. मार्गाकडे पाठ करून उभ्या असलेल्या इमारतीत आणि त्याच वसाहतीत दोन इमारती मागे असलेल्या घरात झोपेचा मोठा फरक पडतो. आवाज दिवसा मोजू नये, रात्री अकरानंतर गाडी बंद करून पाच मिनिटं उभं राहावं.

गहुंजेत आणखी एक घड्याळ आहे. महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचं मैदान २०१२ पासून तिथे आहे आणि त्यात सुमारे सदतीस हजार प्रेक्षक बसतात. वर्षातले बहुतेक दिवस ते शांत असतं. सामना असला की आजूबाजूच्या वसाहतींचे बाहेर पडायचे रस्ते काही तास अडतात. ज्या टाऊनशिपला दोन बाजूंनी फाटकं आहेत, तिच्या मागच्या फाटकाजवळचं घर अशा दिवशी सोयीचं ठरतं. तळेगाव-चाकण रस्त्यावर हा त्रास सामन्यांची वाट पाहत नाही, तिथे कंटेनर रोजचेच. जनरल मोटर्सने २०२० च्या अखेरीला बंद केलेला तळेगावचा कारखाना आता ह्युंदाईच्या हाती आहे आणि नवलाख उंबऱ्याच्या बाजूला औद्योगिक क्षेत्र वाढतं आहे. नोकरी तिकडे असेल तर त्या अंगाची पेठ सोयीची. नसेल तर सकाळी आठच्या रांगेत उभं राहून स्वतः पाहावं आणि मग ठरवावं.

वर्षं लागणारं: टप्पा आणि शेजार

टाऊनशिप एका दमात उभी राहत नाही. पहिला टप्पा बहुधा फाटकाजवळ असतो, कारण रस्ता आणि वीज तिथपर्यंत आधी पोचलेली असते. त्यात राहणाऱ्याला पुढची काही वर्षं डंपर, धूळ आणि ब्रेकरचा आवाज सोसावा लागतो, पण दुकान, बस आणि शेजार त्याला आधी मिळतो. शेवटच्या टप्प्याचं घर नवीन आणि आधुनिक असतं, पण त्याच्या वाट्याची बाग आणि शाळा कागदावरच असते. दोन्हींत मधला मार्ग म्हणजे आधीच्या टप्प्याला चिकटून असलेली पुढच्या टप्प्याची इमारत. शेजारची सोय तयार, आणि इमारतही नवी.

पुढचे टप्पे कागदावरच राहण्याचा धोका मावळात अधिक आहे. पश्चिम घाटाच्या पर्यावरण संवेदनशील क्षेत्राचा मसुदा केंद्राने ३१ जुलै २०२४ रोजी पुन्हा प्रसिद्ध केला, त्यात मावळातली गावंही आहेत. मसुद्यानुसार अशा गावांत पन्नास हेक्टर किंवा त्याहून मोठ्या नव्या नगर वसाहतींवर आणि असलेल्यांच्या विस्तारावर बंदी येते. वीस हजार चौरस मीटरपासून पुढच्या बांधकाम प्रकल्पांवरही. राहत्या घरांच्या दुरुस्तीला अडथळा नाही. म्हणजे आज पहिल्या टप्प्यात घर घेणाऱ्याला जी मोठी बाग आणि रुग्णालय पाचव्या टप्प्यात मिळणार म्हणून सांगितलं जातं, तो टप्पाच अडकू शकतो. शेजारच्या मुळशी तालुक्यातल्या लवासा या डोंगरवसाहतीने हे दाखवून दिलं आहे. नोव्हेंबर २०१० मध्ये पर्यावरण मंत्रालयाची नोटीस आली, २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, आणि ज्यांनी घर नव्हे तर आराखडा विकत घेतला होता ते वर्षानुवर्षं वाट पाहत राहिले. यावरचा तोडगा साधा आहे: दर ठरवताना फक्त उभ्या असलेल्या गोष्टींचे पैसे मोजावेत. न बांधलेलं क्लब हाऊस मिळालं तर आनंद मानावा, पण त्यासाठी आज जास्त दर देऊ नये.

शेजाराचा प्रश्न मावळात, विशेषतः लोणावळ्याकडे, वेगळाच असतो. तुंगार्ली, गोल्ड व्हॅली, कार्ला, मळवली या भागांत बरीच घरं सुट्टीपुरती आहेत. सोमवार ते गुरुवार खिडक्या अंधाऱ्या, शुक्रवारी रात्री गाड्यांची रांग आणि बंगल्यात भाड्याने आलेल्या गटाची साऊंड सिस्टीम. कायम राहायला आलेल्या ज्येष्ठ जोडप्याला दोन्हींचा त्रास: एरवी सुनसान, सुट्टीला गोंगाट. म्हणून इथे घर पाहायला रविवारी जाऊ नये. मंगळवारी रात्री आठला त्या गल्लीत चालत जावं आणि किती खिडक्यांत उजेड आहे ते मोजावं. दहातल्या सहा-सात घरांत उजेड असेल तर तिथे दूधवाला येतो, वॉचमन जागा असतो आणि सोसायटीच्या सभेला गणसंख्या पुरते. दोन-तीनच असतील तर ती गल्ली सुट्टीची. सुट्टीसाठीच घर घेणाऱ्याला ती चालेल, बाकीच्यांनी पुढची गल्ली पाहावी. मोठ्या वसाहतीत कायम राहणारे लोक बहुधा शाळेच्या आणि दुकानांच्या आसपासच्या इमारतींत गोळा होतात, सुट्टीवाले दृश्याच्या बाजूला.

कागद

स्थावर संपदा कायदा २०१६ चा, त्याखालच्या राज्याच्या नियामक संस्थेचं, म्हणजे महारेराचं, काम १ मे २०१७ पासून सुरू आहे. या कायद्यात प्रत्येक टप्पा स्वतंत्र प्रकल्प मानला जातो आणि त्याची नोंदणी वेगळी होते. म्हणून टाऊनशिपचा नोंदणी क्रमांक मागू नये, आपल्या इमारतीच्या टप्प्याचा मागावा. महारेराच्या संकेतस्थळावर त्या क्रमांकाखाली मंजूर रेखांकन, पूर्णत्वाची तारीख आणि चालू असलेले खटले दिसतात. नोंदणीकृत करार होण्याआधी दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. मंजूर आराखड्यात मोठा बदल करायचा तर विकासकाला दोन तृतीयांश खरेदीदारांची लेखी संमती लागते. समोरची बाग उद्या इमारत होऊ नये यासाठीचं हे सर्वांत मजबूत हत्यार आहे, पण त्यासाठी ती बाग आपल्या टप्प्याच्या मंजूर आराखड्यात असली पाहिजे. ती शेजारच्या टप्प्यात असेल तर तुमच्या कराराचा तिला आधार नाही. 'गार्डन फेसिंग'चे जादा पैसे देण्याआधी एवढं तपासावं.

मावळासाठी आणखी तीन गोष्टी. पहिली, तुमचा रस्ता कोणाचा? तळेगाव आणि लोणावळा नगरपरिषदेत आहेत, वडगाव २०१८ पासून नगरपंचायत, तर गहुंजे, सोमाटणे, कामशेत ग्रामपंचायतीत. कचरा, दिवे आणि मुख्य रस्त्याचे खड्डे यासाठी कुणाच्या दारात जायचं, हे त्यावर ठरतं. दुसरी, पूर्वेच्या टोकाला देहूरोडच्या दारूगोळा कोठाराभोवती दोन हजार यार्डांचा, बांधकामाला मनाई असलेला रेड झोन आहे, त्याच्या हद्दीचा नकाशा पाहिल्याशिवाय त्या बाजूला व्यवहार करू नये. तिसरी, बंगल्याचे प्लॉट. एक-दोन गुंठ्यांचा प्लॉट सामाईक सातबाऱ्यावर दाखवून 'टाऊनशिप' म्हणून विकला जात असेल, तर अकृषिक आदेश आणि मंजूर रेखांकन मिळेपर्यंत एकही पैसा देऊ नये.

एक वसाहत, तीन उत्तरं

एवढं पाहिल्यावर कळतं की 'या टाऊनशिपमधली सर्वांत चांगली जागा कोणती' हा प्रश्नच अपुरा आहे. चाकणला पाळीत काम करणारा आणि शाळेत जाणारं मूल असलेला माणूस जुन्या हमरस्त्याच्या फाटकाजवळ, शाळेपासून चारशे मीटरांच्या आत, पहिल्या टप्प्यात सुखी राहील. दृश्य नसलं तरी त्याची तक्रार नसेल. निवृत्त जोडप्याला उतारावरची शांत गल्ली मोहात पाडते, पण त्यांनी सपाटीवरची, आडोशाची, स्टेशन आणि दवाखान्याच्या बाजूची, रोज रात्री उजेड असलेली इमारत घ्यावी. गुडघा दुखू लागला तरी चढ रोज, वर्षभर चढावाच लागतो. मुंबईहून महिन्यातून दोनदा येणाऱ्याने दरीकडचं घर जरूर घ्यावं, मात्र दर पावसाळ्यानंतर भिंती सुकवण्याचा आणि रंगवण्याचा खर्च धरून.

तिघांच्याही बाबतीत स्वयंपाकघर पाच वर्षांनी बदलता येतं, टाइल्स दहा वर्षांनी. उतार, वारा, नदी आणि रूळ जिथे आहेत तिथेच राहतात. म्हणून दर ठरवायला बसण्याआधी ऑगस्टमधल्या एका दिवशी छत्री, नकाशा आणि जुना सातबारा घेऊन त्या गल्लीत जावं, आणि घासाघीस करायची ती तिथे जे दिसलं त्याच्या जोरावर करावी.